सीतादईच्या दिवशी पुसलेल्या पाट्या

आमच्या हायस्कुलाचा इतिहास छापायचा म्हणून हल्लीचे हेडमास्तर गेल्या महिन्यात माझ्याकडे येऊन बसले होते. पहिल्या वर्गातला आता मी एकटाच उरलो आहे, तेव्हा त्यांनाही दुसरा इलाज नव्हता. जागा कोणी दिली, कोनशिला कोणत्या साहेबाच्या हातची, पहिले हेडमास्तर कुठले, हे सगळे त्यांनी विचारले आणि मी सांगितले. मग म्हणालो, "आता दह्याचे लिहून घ्या." त्यांनी टाक खाली ठेवला. सगळे ऐकून घेतले, हसले, आणि जाताना चपला पायांत सरकवीत म्हणाले, "आजोबा, गोष्ट मोठी गमतीची आहे, पण इतिहासात कशी घालावी?" माणूस भला आहे. त्याच्या इतिहासात शाळेचा जिना कोणत्या खाणीच्या दगडाचा आहे तेही येईल. पण ज्या गोष्टीवाचून तो जिनाच बांधला गेला नसता ती येणार नाही, म्हणून मी ती इथे लिहून ठेवतो.

आमचे घर अकोल्यात, मोर्णेच्या काठी, मळ्याला लागून. आम्ही जातीने माळी. वांगी, मेथी, अंबाडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने झेंडू, असा आमचा संसार. पहाटे मोट सुरू व्हायची ती ऊन चढेपर्यंत. बाबा बैलांशी जितके बोलत तितके माणसांशी बोलत नसत. मग कुठेतरी सातासमुद्रांपलीकडे लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडाचे दिवस पालटले. ज्यांच्या घरी सणालाही गव्हाची पोळी दिसत नसे त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. बाबांनीही नदीपलीकडचे एक वावर बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, घेतले आणि सगळी कपाशी पेरली. माय म्हणाली, "कापूस खाऊन राहाल काय?" बाबा म्हणाले, "सारं गाव खाऊन राह्यलं, तं आपल्यालेच काहून पचनार नाई?" एवढे लांब वाक्य ते वर्षातून एखाद्याच वेळी बोलत, म्हणून मायही गप्प बसली.

त्या दिवसांचा आवाज कोणता म्हणून मला कोणी विचारले तर मी रेच्याचा सांगेन. कापसातली सरकी वेगळी करायचा हा हाताने फिरवायचा लाकडी चरक घरोघर असे. बायका दुपारी जेवण आटोपून रेच्याला बसत आणि सगळ्या आळीतून दिवेलागणीपर्यंत ती करकर चालू राही. घरात निजायला जागा उरत नसे, पण त्याची तक्रार कोण करणार, आम्ही पोरे कापसाच्या ढिगावरच निजत असू. अंगाला खाज सुटे ती वेगळी. भाकर थापताना तव्यावर तंतू, अंबाडीच्या भाजीवर कच्च्या तेलाची धार सोडली की तिच्यात तंतू. आज माझ्या तोंडात दात नाहीत, सून भाकर दुधात कुस्करून देते, तरी पहिला घास घेतला की जीभ आपोआप तो तंतू शोधते. थंडीत चुलीच्या आरात भाजलेली वांगी, त्यांचे भरीत आणि सांबार घालून वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, यापुढे मला अजूनही पक्वान्न माहीत नाही.

शाळा होती ती एका शेठजीच्या गोदामात. शेठजींनी ती जागा सरकारला मोठ्या मनाने दिली असे आता कोनशिलेवर लिहिले आहे. मोठ्या मनाने म्हणजे पावसाळ्यात. पावसाळ्यात गोदाम रिकामे असे, तेव्हा शाळा. कापूस आला की गाठोडी आत आणि आम्ही बाहेर, मारुतीच्या पाराखाली, नाहीतर कोणाच्या गोठ्यात. आमचे मास्तर साताऱ्याकडचे, उंच, तापट, आवाजाने खणखणीत. त्यांना वाटे की वऱ्हाडातल्या मुलांचे डोके सरकीचे बनलेले आहे, आणि ते तसे बोलूनही दाखवीत. पण पगार वेळेवर न येताही माणूस टिकून राहिला, हेही लिहिले पाहिजे. शेजारच्या रेच्यांच्या आवाजावर आवाज चढवून ते पावकी-निमकी म्हणवून घेत. शाळेत नुसती मराठी होती. पुढे इंग्रजीचा वर्ग नव्हता. मराठी संपली की पोरगा घरी, मोटेवर किंवा वखरावर.

या शाळेत गणपत नावाचा माझा सोबती होता. काटेपूर्णेच्या काठच्या एका गावचा तो कुणब्याचा मुलगा. त्याचे वडील आणि माझे बाबा बैलबाजारातले जुने दोस्त, म्हणून शिकायला तो आमच्याच घरी राहिला होता. अंगाने हाडकुळा, बोलायला कमी, आणि हिशेबाला असा की मास्तर प्रश्न सांगत असतानाच त्याचे ओठ उत्तराचे होत. मास्तर त्याला एकट्यालाच सरकी म्हणत नसत. मायचा त्याच्यावर माझ्यापेक्षा काकणभर अधिक जीव, कारण तो ताटात काही टाकत नसे. मी वांग्याचे देठ टाकीत असे, तो तेही चोखून खाई.

त्या वर्षी मास्तरांनी वर अर्ज धाडला की आमच्या शाळेला इंग्रजीचा वर्ग जोडून द्यावा, म्हणजे पुढे तिचे हायस्कूल होईल. उत्तर आले की डिपुटी साहेब येऊन परीक्षा घेतील, शेवटच्या इयत्तेतली बारा मुले पास झाली तर वर्ग मिळेल, नाहीतर नाही. बाबांनी मला त्याच संध्याकाळी सांगून टाकले, "किसना, वर्ग भेटला तं शिक. नाई तं मोट वाट पाहून राह्यली." मोटेची मला भीती नव्हती, पण इंग्रजीचे वेड लागले होते. मास्तरांकडे एक इंग्रजी पुस्तक होते, त्यातल्या आगगाडीच्या चित्राखाली काय लिहिले आहे ते मला वाचायचे होते. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणूस रात्र रात्र तळमळू शकतो, हे आता नातवंडांना सांगूनही पटत नाही. मायलाही मी शिकावे असे फार वाटे. कारण विचारले तर म्हणे, "मले नाई समजत तं तुले समजू दे ना बाप्पा."

आता सीतादईचे सांगतो. कपाशी फुटली म्हणून वऱ्हाडात कोणी टोपले घेऊन सरळ वेचायला लागत नाही. आधी घरची बाई वावरात जाते, बांधाजवळ सात खडे ओळीने मांडते, ते धुऊन त्यांना हळदकुंकू लावते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि चहूंकडे दही शिंपडते. मग पहिले बोंड तिच्या हाताने खुडायचे. ही सीतादई झाल्यावाचून वेचलेला कापूस अंगी लागत नाही, अशी समजूत आहे. आणि दुसरे म्हणजे दसऱ्याला शाळेत पाटीपूजन होत असे. मास्तर आम्हांला पाट्या घासून धुवायला लावीत, गोदामाच्या ओट्यावर त्या ओळीने मांडीत आणि आयांना हळदकुंकू वाहायला बोलावीत. मळकी पाटी सरस्वतीला चालत नाही, हे त्यांचेच शब्द. एकीकडे सात खडे आणि एकीकडे ओळीने मांडलेल्या पाट्या. माझ्या मायने आयुष्यात या दोनच पूजा इतक्या मन लावून केल्या होत्या.

डिपुटी साहेब आले ते नेमके आमच्या सीतादईच्या दिवशी. पुण्याकडचे ब्राह्मण गृहस्थ, अंगात लांब काळा कोट, सारखे खोकणारे. आधी वाचन झाले, मग त्यांनी गणिते सांगितली. आम्ही ओट्यावर बसून पाट्यांवर सोडवली. दुपार झाली होती. साहेब म्हणाले, "पाट्या अशाच ठेवा. भोजन करून येतो आणि तपासतो." मास्तर त्यांना घेऊन आपल्या बिऱ्हाडी गेले. पाट्या ओट्यावर ओळीने उताण्या ठेवल्या होत्या. गणपतचे वडील गाडी घेऊन सकाळपासूनच येऊन थांबले होते, कारण त्यांच्या गावाला वेचणी सुरू झाली होती आणि परीक्षा आटोपली की पोर घेऊन जायचे असे ठरलेच होते. त्यांनी विचारले, "झाली काय रे परीक्षा?" आम्ही सगळ्यांनी एका आवाजात झाली म्हणून सांगितले. गणपतने मायच्या पाया पडायला हवे म्हणून इकडेतिकडे पाहिले, ती दिसली नाही, आणि गाडी निघाली. आम्ही बाकीचे नदीवर पोहायला गेलो आणि एकमेकांची उत्तरे ताडून पाहत बसलो.

माय तेव्हा नदीपलीकडच्या वावरात होती. सीतादई आटोपून शेजारच्या दोघी बायकांबरोबर परत येताना तिच्या गाडग्यात दहीभात उरला होता. वाटेत शाळेचा ओटा. ओट्यावर पाट्यांची ओळ, आणि माणूस कोणी नाही. पुढे तिने मला हे पुष्कळदा सांगितले, आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटले, आज पोरांच्या पहिल्या पिकाचा दिवस, आणि मास्तरांच्या घरी बाईमाणूस नाही, तेव्हा हे करायचे राहूनच गेले असणार. पाट्या तर लिहून लिहून पांढऱ्या झालेल्या. तिघींनी नदीचे पाणी आणले, लुगड्याच्या पदराने एकूण एक पाटी लख्ख पुसली, हळदकुंकवाची बोटे लावली, प्रत्येकीपुढे पळसाच्या पानावर दहीभात ठेवला आणि चारी बाजूंना दही शिंपडून, हात जोडून, समाधानाने घरी निघून गेल्या.

साहेब पान चघळीत परत आले तेव्हा ओट्यावर कावळे जेवत होते. आम्ही ओल्या अंगाने धावत आलो, तोवर मास्तरांचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा झाला होता. शेठजींचे मुनीम, हमाल, रस्त्यावरचे गाडीवान, सगळे जमले. "कोणी केले हे? कोणत्या गाढवाने केले?" मास्तर ओरडत होते. गलका आमच्या घरापर्यंत पोचला आणि माय बाहेर आली. काय झाले ते कोणीतरी तिला सांगितले. तिने पदर डोक्यावर ओढला आणि सरळ पुढे आली.

"मी केलं," ती म्हणाली. "सीतादई केली. पीक घरात याच्या अगोदर करा लागते ना."

"अहो बाई, त्यावर मुलांची उत्तरे होती!"

"दसऱ्याले तुमीच तं सांगतलं होतं, मयकी पाटी पूजेले चालत नाई म्हून."

गर्दीतून कोणीतरी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साहेब मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एका पाटीवरचे कुंकू त्यांनी बोटाने जरा चाचपून पाहिले आणि म्हणाले, "पुन्हा बसवा मुलांना." आम्हांला वाटले सुटलो, कारण नदीवर सगळ्यांची उत्तरे पक्की झाली होती. साहेबांनी आमच्या ओल्या केसांकडे नजर टाकली आणि दुसरीच गणिते सांगितली, पहिल्याहून अवघड.

अकरा मुले पास झाली. त्यांत मीही होतो. बारावा कोण व्हायचा हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि तो त्या वेळी बापाच्या गाडीत बसून काटेपूर्णेच्या वाटेवर होता. मास्तरांनी साहेबांचे जवळजवळ पाय धरले. हा मुलगा कसा आहे ते सांगताना त्यांचा खणखणीत आवाज फाटला. साहेब म्हणाले, "जो माझ्यापुढे बसला नाही त्याला पास कसा करू? मी उद्या निघतो. अमरावतीस आठवडाभर मुक्काम आहे, तिथूनच कागद वर जातील. तोवर मुलगा तिथे आला तर मी बघेन." एवढे बोलून ते खोकत निघून गेले.

त्या संध्याकाळी आमच्या घरी चूल पेटली, पण कोणी नीट जेवले नाही. आळीतल्या बायका दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या. ज्या दोघी मायबरोबर होत्या त्यांनी आपण फक्त पाणी आणल्याचे सांगून हात झटकले होते. माय बराच वेळ रेचा फिरवीत बसली, आणि त्यात कापूस घातलेलाच नव्हता हे मला मागाहून कळले. मग ती बाबांना म्हणाली, "आइकलं काय. अमरावतीले भाव चढला म्हनतात." बाबा म्हणाले, "मंग?" ती म्हणाली, "मंग आपला मागच्या सालचा ठेवलेला कापूस शेठच्या घशात काहून घालता? गाडी भरा, अमरावतीले चाला. वाटेत गनपतचं गाव लागते." पोरासाठी बाबा बैल एवढ्या लांब काढणार नाहीत हे तिला माहीत होते, भावासाठी काढतील हेही माहीत होते, आणि तिला हे माहीत आहे हे बाबांनाही माहीत होते. "भावासाठी जाऊ," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून गेला होता. बाभळींच्या काट्यांना दोन्ही बाजूंनी कापूस अडकलेला, चाकांच्या धुळीने सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. माय गाडीच्या मागच्या बाजूला माझी पाटी मांडीवर धरून बसली होती. गणपतच्या गावी पोचलो तेव्हा तो आणि त्याचे वडील वावरातच होते. सगळे वावर फुटले होते. असा पांढरा देखावा पुढे मी कधी पाहिला नाही. मायने बांधावरूनच सगळे सांगितले, काही लपवले नाही. गणपतच्या वडिलांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"वहिनी, तुमचं म्हननं बराबर हाये. पन वेचनारे भेटून नाई राह्यले. सारे आपापल्या वावरात. वारं सुटलं तं कापूस मातीत. दोन हात मी कसे देऊ?"

माय म्हणाली, "भाऊ, दोन हात मी देते. पोरगा येईपर्यंत त्याच्या वाटचं मी वेचते."

बाबा गाडीवरून खाली उतरले. आपली बायको दुसऱ्याच्या वावरात वेचायला राहणार, हे त्यांना लागले असणार. पण ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा बरे वाटले. गणपतच्या कमरेला वेचलेला कापूस टाकायची फडक्याची ओटी बांधलेली होती. मायने ती सोडली, आपल्या कमरेला बांधली आणि त्याने अर्धी सोडलेली ओळ तिथूनच वेचायला लागली. मळ्यातली बाई ती, तिला मेथी खुडायची सवय. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी तिची बोटे पहिल्याच ओळीत रक्ताळली. आमची गाडी हलली तेव्हा तिने वर पाहिलेसुद्धा नाही.

पुढच्या वाटेवर गणपत आणि मी कापसात रुतून बसलो होतो. मी त्याला इंग्रजीचा वर्ग कसा असेल, आगगाडीच्या चित्राखाली काय लिहिले असेल ते सांगत होतो. त्याने सगळे ऐकले आणि मग म्हणाला, "मी काई येनार नाई बे आता. बाबानं सांगतलं, यंदापासून वावर पाहा लागते. धाकटे लहान हायेत."

मी म्हणालो, "मंग तू परीक्षेले काहून येऊन राह्यला?"

"तुयं अडलं ना," तो म्हणाला. "अन् मावशीच्या हातची भाकर इतके साल खाल्ली." मग तो उताणा निजला आणि आभाळाकडे पाहत दिडकीचा पाढा म्हणू लागला. मला रडू कोसळले, ते मी कापसात तोंड घालून रडलो. मायला हे माहीत नव्हते. ती वेचत होती ती दोघांच्या शाळेसाठी वेचत होती.

अमरावतीला परकोटाच्या बाहेर गाड्यांची रांग लागली होती. बाबा अडत्याबरोबर रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत होते. आम्ही दोघे विचारत विचारत साहेबांच्या बिऱ्हाडी गेलो. ते ओसरीवर शाल गुंडाळून बसले होते. त्यांनी मला ओळखले. "तू त्या दहीवाल्या बाईंचा ना? त्या नाही आल्या?" मी सांगितले की ती याच्या वाटचा कापूस वेचायला राहिली आहे. साहेबांनी शाल बाजूला सारली. मग खोकून त्यांनी गणपतला समोर बसवले. त्याच्याकडे पाटी नव्हती, मी माझी दिली. साहेबांनी दया म्हणून सोपी गणिते घातली असे कोणाला वाटेल, तर तसे मुळीच नाही. आम्हांला दिली त्याहून कठीण दिली, आणि सगळी सुटल्यावर आणखी एक दिले. गणपतने पाटी पुढे केली. साहेबांनी प्रत्येक उत्तरापुढे आपल्या हाताने बरोबरची खूण केली, आणि खाली त्याचे नाव लिहून त्यापुढे "पास" असे लिहिले. म्हणाले, "फार चांगले. वर्ग मिळाला तुम्हांला. पुढे काय होणार तू?" गणपत म्हणाला, "वावर पाहीन." साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

परत येताना गणपतने ती पाटी सगळ्या वाटेने दोन्ही हातांनी उताणी धरली होती. अक्षरे पुसू नयेत म्हणून तिला कापसाचाही स्पर्श होऊ देत नव्हता. मला वाटले, हा ती घरी नेऊन ठेवणार. मी मनातल्या मनात ती त्याला देऊनही टाकली होती.

वावरात परत पोचलो तेव्हा चार दिवस उलटले होते आणि उन्हे कलली होती. माय ओळीच्या मधे उभी होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. गणपत धावत गेला आणि त्याने पाटी तिच्यापुढे धरली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हते, तरी तिने वरून खालपर्यंत सगळी पाटी पाहिली, हात मागे बांधून, आपला स्पर्शही होऊ नये अशा बेताने. "हे काय व्हय?" तिने खालच्या ओळीकडे मान करून विचारले. तो म्हणाला, "माहं नाव, मावशी. अन् पास." तिचे डोळे भरून आले. "मंग चाल ना बाप्पा," ती म्हणाली. "गाडी उभी हाये. दोघंही चाला."

गणपतने पाटीवर तोंडातली थुंकी टाकली आणि बाहीने पुसायला लागला.

"पुसू नको रे!" माय ओरडली.

"किसनाची हाये ते," तो म्हणाला. "उद्या त्याले कोरी लागन ना." त्याने कोपरेसुद्धा नीट पुसले आणि पाटी तिच्या हातांत दिली. मग तो खाली वाकला, तिच्या कमरेची ओटी सोडली, आपल्या कमरेला बांधली, आणि ती जिथे थांबली होती तिथून पुढे वेचायला लागला.